औषधाचा निरोप

चारकोपहून आलेल्या त्या आंतर्देशीय पत्राला दशरथ साटमांनी उत्तर दिलं नाही, कारण पत्रात त्यांचं कौतुक होतं.

कोणी शिव्या घातल्या असत्या तर त्यांनी उलटटपाली चार पानं लिहिली असती. शिव्यांशी त्यांचा जुना घरोबा होता. उभी हयात त्यांनी एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवली होती, आणि त्या धंद्यात एखादी चूक राहिली तर तेवढी तपासणाऱ्याची, उरलेलं अख्खं पुस्तक लेखकाचं, असा रिवाज आहे. पण हे पत्र सुरूच होत होतं ‘आदरणीय साटम सर’ असं. त्यातल्या ‘सर’पाशी दशरथरावांचे कान तापले, नाकात काहीतरी वळवळलं आणि एकामागोमाग एक शिंका सुरू झाल्या. बायको आतून ओरडली, “पुन्हा जुनं पुस्तक उघडलंत?”

शिंकांचा आणि त्यांचा संबंध असा होता, की ज्या माणसाने जन्मभर पुस्तकांशिवाय कशाची आवड धरली नाही, त्याला पुस्तकांच्या धुळीचंच वावडं निघालं. डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, धुळीतल्या बारीक किड्यांची ॲलर्जी आहे, झोपायच्या खोलीतली पुस्तकं हलवा. दशरथरावांनी पुस्तकं हलवली नाहीत. उलट ॲलर्जीवरची आणखी काही आणली. ती वाचून, मुलगा सुयोग औषधाच्या कंपनीत आहे त्याला प्रश्न विचारून विचारून हैराण करून, त्यांनी स्वतःच एक छोटं पुस्तक लिहिलं : ‘शिंक का येते?’ जवळच्या एका वाचनालयाने ते छापलं. खपलं किती हे विचारायचा धीर लेखकाला झाला नाही, आणि आपणहून सांगावं असं वाचनालयाला वाटलं नाही.

तर पत्र असं होतं : ‘तुमचं पुस्तक वाचनालयातून आणून वाचलं. फार सोपं लिहिलंय. माझी नात यशोधरा हिला दमा आहे. तुमचं म्हणणं मला पटलं. तिची सहामाही परीक्षा झाली की तुम्ही लिहिल्याप्रमाणे आम्ही औषधाचा निरोप घेणार आहोत. काही सांगायचं असल्यास कळवावे. आपली, द्रौपदी खरात.’

परीक्षा झाल्यावरच का, हे दशरथरावांना क्षणभर खटकलं. पण ते ‘सर’पाशी परत गेले आणि खटकणं राहून गेलं. मग उत्तर लिहायला बसले. ‘आपले पत्र मिळाले’ असं लिहिलं आणि खोडलं. मिळाल्याशिवाय का उत्तर लिहितोय? ‘आपल्या कौतुकाला मी पात्र नाही’ असं लिहिलं. तेही खोडलं, कारण त्यात पात्र असल्याचा वास येत होता. शेवटी पत्र शब्दकोशात ठेवून दिलं आणि स्वतःची समजूत घातली, की बाईंना सगळं नीट कळलेलं आहे, उत्तराची घाई नाही. असे महिने गेले.

ऑक्टोबरात वाचनालयाने पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायचं ठरवलं. खरं तर पहिल्या आवृत्तीच्या कागदाला कसर लागली होती. काही का असेना, दुसरी आवृत्ती! दशरथराव हॉलमध्ये लाल पेन घेऊन बसले आणि मोठ्याने वाचू लागले. मोठ्याने वाचलं की डोळ्यांनी चुकवलेलं कानाला सापडतं, ही त्यांची जुनी पद्धत. समोर बायको, प्रेमाताई, मेथी निवडत होत्या. त्यांनी पुस्तकाचं फक्त अर्पणपत्रिकेचं पान वाचलं होतं, कारण त्यावर त्यांचं नाव होतं.

“‘आपल्या शरीरातल्या पेशी एकमेकींना सतत निरोप धाडत असतात,’” दशरथराव वाचत होते. “‘हे निरोप रसायनांचे असतात. नाकातल्या, श्वासनळीतल्या अस्तराने पहिला निरोप धाडला, की मदतनीस पेशी तो पुढे नेतात…’”

“बरं लिहिलंय की,” प्रेमाताई म्हणाल्या. “पोस्टमनसारखं.”

दशरथरावांना बरं वाटलं. ‘निरोप’ हा शब्द त्यांचा लाडका होता. सुयोग म्हणाला होता, “बाबा, सरळ सिग्नल लिहा ना. सगळ्यांना कळतं.” त्यावर ते म्हणाले होते, “सिग्नल नाक्यावरचा. तो कोण पाळतं?” ‘संदेश’ त्यांना आकाशवाणीसारखा वाटे, ‘संकेत’ म्हणजे शेजाऱ्यांचा मुलगा. ‘निरोप’ कसा घरातला, उंबऱ्यावरचा. या शब्दासाठी ते चक्क भांडले होते. आयुष्यात ते भांडले असे प्रसंग फार नव्हते, म्हणून हा त्यांच्या नीट लक्षात होता.

“‘दम्यात बाहेरून त्रास दिसत नसला, तरी आत सूज टिकून असते. श्वासावाटे घ्यायच्या औषधाचा निरोप घेतला, की या पेशी हळूहळू शांत होतात.’”

प्रेमाताईंचे हात थांबले. “म्हणजे औषध बंद करायचं?”

“बंद? बंद कुठे म्हटलंय?”

“आत्ताच वाचलंत की. औषधाचा निरोप घेतला की शांत होतात.”

“अगं, निरोप म्हणजे सांगावा! औषध जो सांगावा आणतं, तो पेशींनी घेतला, की…”

“पेशींनी घेतला असं कुठाय त्यात? मी माहेराहून निघताना आईचा निरोप घ्यायची, तेव्हा काय सांगावा घ्यायची? टाटा करायची. हे औषधाला टाटाच झालं.”

दशरथरावांनी वाक्य पुन्हा वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा. वाक्यातले ऱ्हस्वदीर्घ बरोबर होते. स्वल्पविराम जागेवर होता. फक्त निरोप कोणी घ्यायचा, तो कर्ता लिहिणाऱ्याच्या डोक्यात राहिला होता, कागदावर उतरलाच नव्हता. दुसऱ्यांच्या पुस्तकांतली एकेक वेलांटी पकडणाऱ्या माणसाने स्वतःच्या पुस्तकात बिनधन्याचं वाक्य मोकळं सोडलं होतं.

आणि मग त्यांना ते पत्र आठवलं. शब्दकोश धुंडाळताना दोन शिंका आल्या, पत्र सापडलं. ‘परीक्षा झाली की तुम्ही लिहिल्याप्रमाणे आम्ही औषधाचा निरोप घेणार आहोत.’ तेच शब्द. पण आता ते दुसऱ्याच कोणीतरी लिहिल्यासारखे दिसत होते.

“सहामाही कधी संपते?” त्यांनी विचारलं.

“संपली ना. परवापासून पोरं खाली क्रिकेट खेळतायत, ऐकू येत नाही? का, काय झाला तुमका?” घाबरल्या की प्रेमाताई मालवणीवर येत. त्यांनी पत्र हातातून घेतलं, वाचलं आणि मेथीची परात बाजूला सारली. “उठा.”

“मी लगेच पत्र लिहितो. सविस्तर…”

“पत्र पोचेपर्यंत पोरीची वाट लागेल! त्यात दिवाळी आली, फटाक्यांचा धूर. चारकोप काय काशीला आहे? रिक्षा करा नि जावा.”

“अगं, ओळख ना पाळख, असं दारात जाऊन काय सांगू?”

“‘मी चुकलो’ म्हणून सांगा. दोन शब्द आहेत. त्यात तरी चूक करू नका.”

“तू येतेस?”

“पुस्तक मी लिहिलं नाही,” प्रेमाताई म्हणाल्या.

रिक्षात दशरथरावांनी बोलायची तयारी केली. ‘नमस्कार, मी साटम’ हे बरं होतं. पण पुढे? त्यांना वाटू लागलं की आपल्या स्वभावाचं आणि आपल्या नाकाचं दुखणं एकच आहे. धुळीचा एक कण येतो, बिचारा कोणाचं काही वाकडं करणारा नसतो, आणि आतले सगळे जण हातात काठ्या घेऊन धावत सुटतात. तसंच एक साधं पत्र आलं, भल्या बाईचं, दोन ओळींच्या उत्तराचं. आणि आपण महिनोन्महिने स्वतःभोवती तटबंदी करून ठेवली. फरक इतकाच, की नाकासाठी रोज फवारा मारता येतो. स्वभावासाठी काय मारतात, ते सुयोगच्या कंपनीत अजून निघालेलं नव्हतं.

पत्रावरच्या पत्त्यावरून चारकोपच्या सेक्टरमधली इमारत सापडली. दुसऱ्या मजल्यावर दार उघडं होतं. आत बाबासाहेबांची तसबीर, तिच्या शेजारी बुद्धाची मूर्ती, आणि खाली जमिनीवर एक मुलगी चित्र रंगवत बसली होती. मधूनच खोकत होती. तो खोकला ऐकून दशरथरावांची उरलीसुरली तयारीही गेली.

“कोण पाहिजे?” एक ठेंगण्या, धट्ट्याकट्ट्या बाई बाहेर आल्या.

“मी… साटम. शिंक का येते.”

बाईंनी आधी त्यांच्या नाकाकडे पाहिलं. मग लख्खकन ओळख पटली. “अगं बाई! लेखक! शीतल, बाहेर ये, पुस्तकवाले सर आले! या की सर, असे दारात काय उभे? मी म्हणत होते, पत्राला उत्तर नाही म्हणजे सर कामात असणार. बघा, सर स्वतः आले!”

त्यांना खुर्ची मिळाली, पाणी मिळालं. सून शीतल आतून पदराला हात पुसत आली. ती जवळच्या औद्योगिक वसाहतीत कामाला होती, नुकतीच घरी आली होती. सासूइतका आनंद तिला झालेला दिसला नाही. द्रौपदीबाई शेजारणीला हाक मारायला निघाल्या, तेव्हा दशरथराव जवळजवळ ओरडलेच, “नको! आधी सांगा, नातीचा दम्याचा पंप चालू आहे ना?”

“नाही, नाही,” द्रौपदीबाई अभिमानाने म्हणाल्या. “तुम्ही लिहिलंय तसंच केलं. परीक्षा संपली त्याच दिवशी निरोप घेतला. रुमालात गुंडाळून कपाटात ठेवलाय बघा.”

लाज वाटण्यासारखा, पण अगदी हाताशी असलेला शब्द दशरथरावांच्या जिभेवर आला : मुद्रणदोष. छापताना चूक झाली म्हटलं की मोकळं! जन्मभर त्यांनी लेखकांना हेच करताना पाहिलं होतं. त्या लेखकांचे दोष अंगावर घेऊन घेऊन ते म्हातारे झाले होते. आता एकदा आपला दुसऱ्यावर टाकला तर काय मोठंसं?

“ते छापताना…” त्यांनी सुरुवात केली. मुलगी खोकली. “नाही. छापताना काही नाही. ते वाक्य मीच चुकीचं लिहिलं. मला म्हणायचं होतं, औषध जो निरोप आणतं तो पेशींना पोचला की त्या शांत होतात. म्हणजे औषध द्यायचंच. रोज. बंद करायचं नाही.”

शीतल एकदम सुटली. “बघा! मी काय सांगत होते आई? डॉक्टर वेडे आहेत का? काल रात्री पोरगी खोकून खोकून उठून बसली, तरी तुमचं आपलं, पुस्तकात लिहिलंय, पुस्तकात लिहिलंय! काका, राग मानू नका, पण असं कसं लिहिता हो? आमच्या महिला मंडळात पाच-सहा जणींनी वाचलंय ते.”

“पाच-सहा?” दशरथरावांनी विचारलं. वाचक इतके असतील असं त्यांना वाटलं नव्हतं, आणि आता ते असल्याचं दुःख होत होतं.

यशोधराने रंगवायचं थांबवलं होतं. “आजोबा, पेशी काय निरोप देतात?”

मोठ्या माणसांपुढे ज्यांची दातखीळ बसते, त्यांची लहान पोरांपुढे कधीकधी सुटते. दशरथराव खुर्चीवरून पुढे सरकले.

“आम्ही राहतो तिथून नॅशनल पार्क जवळ. आमच्या सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. एकदा पार्किंगमध्ये मांजर दिसलं. तळमजल्याच्या काकूंनी लिहिलं, ‘काहीतरी हललं.’ हा पहिला निरोप. दुसऱ्या मजल्याने पुढे लिहिलं, ‘पिवळं होतं.’ तिसऱ्याने लिहिलं, ‘बिबट्या!’ मग काय, वॉचमनच्या हातात बिबट्याचा फोटो दिला आणि गेटवर बसवलं. हे झालं पहिल्या वेळी. तेव्हा कोणालाच काही त्रास झाला नाही. पण दुसऱ्यांदा तेच मांजर आलं, तेव्हा वॉचमनने फोटो पाहिला, पिवळं पाहिलं, आणि जी शिट्टी फुंकली! सगळे दिवे लागले, पाण्याचे पाइप सोडले, कुंड्या फुटल्या. ती शिट्टी म्हणजे माझी शिंक. तुझा खोकला.”

“आणि मांजर?”

“ते केव्हाच गेलं. पण शिट्टी ऐकून तासा-दोन तासांनी शेजारच्या सोसायट्यांमधले लोक काठ्या घेऊन आले. त्यांना कोणी तरी निरोप धाडला होता. ते जिन्यात बसून राहिले, हलेनात. जिना अडला. श्वासनळीत हेच होतं. बाहेरून शांत दिसतं, खोकला नसतो, पण जिन्यात मंडळी बसलेलीच असतात. पुढच्या वेळी उंदीर जरी आला तरी मारामारी.”

“मग औषध?”

“औषध म्हणजे ग्रुपचा ॲडमिन. तो रोज येऊन सांगतो, ‘मांजर आहे, घरी जा, झोपा.’ एकदा सांगून कोणी ऐकत नाही. म्हणून रोज.”

यशोधराने आजीकडे वळून पाहिलं. “आज्जी, तू ॲडमिनलाच ग्रुपमधून काढलंस?”

शीतल फस्सकन हसली. द्रौपदीबाई हसल्या नाहीत. त्या कपाटाकडे गेल्या, रुमालाची गुंडाळी काढली आणि हातातच धरून उभ्या राहिल्या.

“सर, एक बोलू? पुस्तकात तुम्ही एक लिहिता. तोंडानं दुसरं सांगता. मी अडाणी नाही, सातवी शिकलेली आहे, पुन्हा पुन्हा वाचलं मी ते वाक्य. उद्या तिसरंच सांगाल. मी मंडळात काय तोंड दाखवू? त्या सुलोचनानंही तिच्या पोराचं बंद करायचं काढलंय. तिला म्हणू, सर आले, चहा पिऊन सांगून गेले?”

“मी लिहून देतो. आत्ता. कागद…”

“असं नाही. मी पोस्टानं विचारलं, तुम्ही पोस्टानं सांगा. शिक्का पडलेलं पत्र मंडळात वाचून दाखवते. पुस्तक छापील, तर पत्र तरी शिक्क्याचं पाहिजे.”

“आई, आधी पोरीला पंप द्या, शिक्का मग बघू,” शीतल म्हणाली आणि गुंडाळी त्यांच्या हातातून काढूनच घेतली. “आणि उद्या मी रजा टाकते, डॉक्टरांना दाखवून आणते. दोन-तीन दिवस बंद होता, रात्री खोकते आहे, हे सांगायला नको?”

“हो, हो, ते तर आधी,” दशरथराव म्हणाले.

यशोधराने नळकांडं तोंडाला लावलं, सवयीने श्वास ओढला, धरला, सोडला आणि चूळ भरायला गेली. दशरथराव श्वास धरून बसले होते, तो सोडायचं त्यांना थोडं उशिरा सुचलं.

“आज तुम्ही आलात म्हणून ठीक,” द्रौपदीबाई म्हणाल्या. “पण पत्र नाही आलं, तर सुलोचना ऐकायची नाही, सांगून ठेवते. आणि तुमचा काय भरवसा सर? पहिल्याचं उत्तर अजून यायचंय.”

दशरथरावांनी चहा संपवला, जिना उतरताना कठडा धरला, आणि रस्त्यात विचारत विचारत पोस्ट गाठलं. बंद व्हायला आलं होतं. खिडकीतल्या मुलीने आंतर्देशीय पत्र दिलं आणि घड्याळाकडे पाहिलं. दशरथराव बाकावर बसले.

पहिलं वाक्य मनात आलं, ‘आपल्या कृपापत्राला उत्तर देण्यास झालेल्या विलंबाबद्दल…’ त्यांनी ते मनातच खोडलं. मग लिहिलं : ‘द्रौपदीबाई, पंप बंद करू नका.’ वाचून पाहिलं. यातून आणखी काही अर्थ निघतो का? निघत होता. सोसायटीत पाण्याचाही पंप असतो. त्यांनी लिहिलं : ‘पंप म्हणजे यशोधराचा दम्याचा पंप. तो डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रोज द्यावा. त्रास नसला तरी द्यावा. कमी करायचा की थांबवायचा, हे फक्त डॉक्टर ठरवतील. हेच सुलोचनाबाईंच्या मुलाला लागू आहे. माझ्या पुस्तकातलं औषधाच्या निरोपाचं वाक्य चुकीचं आहे. ते मी लिहिलं. छापणाऱ्यांचा दोष नाही. दुसऱ्या आवृत्तीत ते काढलं आहे.’

काढलं आहे? अजून काढलं नव्हतं. ‘काढत आहे’ असं करावं का? दशरथराव विचार करू लागले, आणि आपण विचार करू लागलो आहोत हे लक्षात येताच घाबरून उठले. पत्र तसंच खिडकीत सरकवलं.

“ताई, एवढं वाचून सांगता? याचा अर्थ काय होतो?”

मुलीने वाचलं. “पंप बंद करू नका, असा होतो.”

“दुसरा काही होत नाही?”

“नाही. पण आजोबा, खाली तुमचं नाव राहिलं.”

त्यांनी नाव लिहिलं. नुसतं ‘दशरथ साटम’. मागे काही नाही, पुढे काही नाही. घडी घातली, कडांना डिंक लावला, जरा जास्तच लागला. बाहेरच्या लाल पेटीच्या फटीत पत्र सरकवलं. डिंकामुळे ते बोटाला चिकटून राहिलं, दशरथरावांनी दुसऱ्या हाताने ते सोडवून आत ढकललं, आणि ते पडलं.